एएनएम, जीएनएम की बीएस्सी नर्सिंग? पहिले सहा महिने डोळ्यांसमोर ठेवून ठरवा

नर्सिंगला जायचं हे बऱ्याच घरांत ठरलेलं असतं. घोडं अडतं ते कुठल्या नर्सिंगला जायचं, यावर. मग चर्चा सुरू होते वर्षांची आणि पैशांची. दोन वर्षांत पोरगी कमावती होईल, तीन लागतील की चार? हा हिशेब करायलाच हवा. पण मी पहिल्या वर्षाच्या वर्गावर शिकवते आणि मला दिसतं ते असं, की नर्सिंग सोडून जाणाऱ्या बहुतेक जणी पहिल्या सहा महिन्यांत जातात, आणि त्यांच्या जाण्याची कारणं प्रत्येक कोर्सला वेगळी असतात. तेव्हा तिन्ही कोर्स शेजारी-शेजारी ठेवू, पण मोजू ते त्या पहिल्या सहा महिन्यांच्या मापाने.

आधी कोरडी माहिती एकदाच (एएनएम म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी):

| | एएनएम | जीएनएम | बीएस्सी नर्सिंग |
|---|---|---|---|
| कालावधी | २ वर्षं (दीड वर्ष शिक्षण, ६ महिने इंटर्नशिप) | ३ वर्षं, इंटर्नशिपसह | ४ वर्षं, ८ सत्रं |
| बारावी | कोणतीही शाखा | कोणतीही शाखा, इंग्रजीसह ४० टक्के | सायन्स. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ४५ टक्के, इंग्रजीत पास |
| परीक्षा | राज्य मंडळ | राज्य मंडळ, वार्षिक | विद्यापीठ, दर सत्राला |
| सरकारी नोकरीतलं पहिलं पद | आरोग्यसेविका | अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) | अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) |

बीएस्सीसाठी राज्यात विद्यापीठ म्हणजे मुख्यतः नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. अभिमत विद्यापीठांचं आणि एसएनडीटीचं वेगळं. राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत असते, आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण लागतात. काहीही शिकलात तरी शेवटी नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडेच करायची असते. ती नोंदणी ज्या कागदावर होत नाही, तो कागद नर्सिंगचा नाही. सहा महिन्यांत किंवा वर्षभरात ‘नर्स’ करून देणाऱ्या ज्या जाहिराती बसस्टँडवर चिकटवलेल्या दिसतात, त्यातून फार तर सहायकाचं काम मिळतं. सहायकाचं काम कमीपणाचं नाही, पण ते शिकवून ‘नर्सिंग’ म्हणून फी घेणं ही फसवणूक आहे.

आत शिरताना

बीएस्सीचा दरवाजा म्हणजे राज्य सीईटी सेलची नर्सिंग सीईटी. गेल्या काही वर्षांतला नमुना १०० प्रश्न आणि ९० मिनिटांचा: फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अॅप्टिट्यूड. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नका. नीटची तयारी केलेल्या मुलींना हा पेपर सोपा वाटतो, आणि नेमक्या त्याच मुली इंग्रजीच्या प्रश्नांकडे दुर्लक्ष करून मेरिटमध्ये खाली घसरतात.

खरी चूक मात्र पेपरात होत नाही, ती तारखांत होते. सीईटीच्या अर्जाची मुदत बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी संपते. निकाल बघून ‘आता नर्सिंगचं बघू’ म्हणणाऱ्याला बीएस्सीची सरकारी जागा त्या वर्षी जवळजवळ गेलेलीच असते. जीएनएम-एएनएमच्या प्रवेशाची पद्धत अलीकडे बदलत आली आहे, त्यामुळे मावसबहिणीने सांगितलेली चार वर्षांपूर्वीची पद्धत धरून बसू नका. त्या वर्षीचं माहितीपत्रक काढून वाचा. जातपडताळणी, नॉन-क्रीमीलेअर, डोमिसाईल हे दाखले अकरावीतच काढून ठेवलेले बरे.

कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) राउंडमधून प्रवेश घेण्याला पैशाच्या बाजूनेही मोठा अर्थ आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. पण ती कॅपमधून आलेल्या मुलींना. संस्था पातळीवर किंवा मॅनेजमेंट कोट्यातून बसलात, की ती गेली. ‘राउंडची वाट कशाला बघता, आजच सीट पक्की करा’ असं म्हणणारा एजंट ही गोष्ट सांगत नाही.

आणखी एक वाट बहुतेकींना माहीतच नसते. सैन्यदलाच्या नर्सिंग कॉलेजांतलं बीएस्सी, ज्यात पुण्याचं एएफएमसी (सैन्यदलाचं वैद्यकीय महाविद्यालय) आणि मुंबईचं आयएनएचएस अश्विनी (नौदलाचं रुग्णालय) ही दोन आपल्याच राज्यात आहेत. त्यासाठी नीट द्यावी लागते, जागा फक्त अविवाहित मुलींना, आणि शिकून झाल्यावर सैन्याच्या नर्सिंग सेवेत काम करण्याचा बाँड. शिक्षणाचा खर्च सरकारचा. नीटचे गुण एमबीबीएसला पुरत नाहीत म्हणून रडत बसलेल्या मुलीने आधी हे बघावं.

पहिलं सत्र: बीएस्सी

२०२० च्या नव्या नियमावलीनंतर बीएस्सी सत्र पद्धतीवर आलं. पहिल्या सत्रात अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी, कम्युनिकेटिव्ह इंग्लिश आणि नर्सिंग फाउंडेशनचा पहिला भाग. अॅनाटॉमी-फिजिऑलॉजी मिळून विद्यापीठाचा एक पेपर, सोशिऑलॉजी-सायकॉलॉजी मिळून दुसरा. पास व्हायला ५० टक्के. बारावीपर्यंत ३५ ची सवय असलेल्या मुलीला हा आकडा पहिल्या अंतर्गत परीक्षेत कळतो. प्रत्येक विषयाला ८० टक्के हजेरी लागते, आजारपण धरून. प्रात्यक्षिकांची हजेरी तर पदवी मिळेपर्यंत १०० टक्के भरून द्यायची असते, म्हणजे दिवाळीला जोडून घेतलेली चार दिवसांची सुट्टी नंतर कधीतरी वॉर्डात फेडावीच लागते.

प्रवेश उशिरापर्यंत चालतात. शेवटच्या राउंडला आलेल्या मुलीला सत्र अर्धं गेल्यावर वर्गात बसावं लागतं, आणि अॅनाटॉमीत ती मागे पडते ती पडतेच. यावर उपाय एकच: जागा मिळो न मिळो, सीईटी झाल्यापासून हाडं आणि स्नायू वाचायला घ्या. हे कोणत्याही कोर्सला वाया जात नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या मुली हुशार असूनही इथे गप्प होतात. पेपर इंग्रजीत, व्याख्यान अर्धं इंग्रजीत, आणि प्रश्न विचारला तर सगळ्या वळून बघतील ही भीती. ज्या तरतात त्यांची एक सवय मी बघितली आहे: त्या रोज एक आकृती न बघता काढतात आणि नावं देतात. हृदय, नेफ्रॉन, मांडीचं हाड. नावं दिलेली आकृती हे अर्धं उत्तर असतं, तिला व्याकरण लागत नाही आणि तपासणाऱ्याच्या नजरेत आधी तीच भरते. पाठांतर करून लिहिलेला परिच्छेद तिसऱ्या ओळीत तुटतो, आकृती तुटत नाही.

एखादा विषय राहिला म्हणून आभाळ कोसळत नाही. पुढच्या सत्रांना बसता येतं. पण पाचव्या सत्राच्या परीक्षेआधी मागचं सगळं सुटलेलं असावं लागतं, म्हणून ‘काढू नंतर’ म्हणत दोन वर्षं काढता येत नाहीत.

जीएनएमचे पहिले सहा महिने

विषय बरेचसे तेच: शरीरशास्त्र, मायक्रोबायॉलॉजी, मानसशास्त्र, समाजशास्त्र, नर्सिंगची मूलतत्त्वं, जोडीला कम्युनिटी हेल्थ आणि आहारशास्त्र. फरक असा की परीक्षा वर्षाअखेरीला. हे सुखाचं वाटतं आणि तिथेच घात होतो. पहिले सहा महिने परीक्षा नसल्याने कळतच नाही की काही येत नाही. आर्ट्सच्या मुलींनी तर इथे जास्त सावध राहायला हवं. मायक्रोबायॉलॉजी त्यांनी कधी ऐकलेलीही नसते. उलट वॉर्डात हात लवकर बसतो. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाला जोडलेल्या शाळेतली जीएनएमची मुलगी पहिल्या वर्षाअखेर ज्या सहजतेने पेशंटशी बोलते, ते बघण्यासारखं असतं.

एएनएमचे

इथे अॅनाटॉमीचं ओझं कमी. भर आरोग्यशिक्षण, प्राथमिक आरोग्यसेवा, बालआरोग्य आणि पुढच्या वर्षी प्रसूतिशास्त्रावर. शिकवणं बहुतेक मराठीतूनच चालतं. हे काम दवाखान्याच्या खाटेपाशी कमी आणि गावात जास्त आहे. उपकेंद्रामागे सपाटीवर ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्या, त्यातल्या गरोदर बायका, लसीकरणाच्या याद्या, पावसाळ्यातल्या पाण्याच्या तपासण्या. पहिल्या सहा महिन्यांत सोडणाऱ्या मुली अभ्यासाला कंटाळून सोडत नाहीत. आपल्याला पांढऱ्या गणवेशात मोठ्या हॉस्पिटलात उभं राहायचं होतं, हे त्यांना तेव्हा उमगतं. गावात राहून काम करायची तयारी असेल तर हा कोर्स चांगला आहे. फक्त लवकर संपतो म्हणून घेऊ नका.

वॉर्डात गेल्यावर सगळ्या सारख्याच

स्किल लॅबमध्ये डमीवर सगळं जमतं. चादरीचे कोपरे पंचेचाळीस अंशांत दुमडायचे, वर सुरकुती ठेवायची नाही, कारण त्याच सुरकुतीवर पडून राहिलेल्या माणसाची पाठ सोलते. हात धुवायच्या पायऱ्या क्रमाने. मग एका सकाळी खरा वॉर्ड. आजोबांच्या सदऱ्याची बाही वर सरकत नाही म्हणून बीपीचा कफ कपड्यावरूनच बांधलेला, स्टेथोस्कोप कानात उलटा, वर पंखा घरघरतोय आणि शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक फोनवर. काही ऐकू येत नाही. मग मुलगी लिहून टाकते: १२०/८०.

टीपीआरच्या (ताप, नाडी आणि श्वास यांच्या नोंदीच्या) कागदावर ओळीने दहा पेशंटचा श्वास २० लिहिलेला दिसला की कुठल्याही सिस्टरला कळतं, की मोजलेला नाही. श्वास मोजायचा तर पेशंटला सांगायचं नसतं. सांगितलं की तो श्वास बदलतो. नाडी मोजताना धरलेलं मनगट तसंच धरून ठेवायचं, नजर छातीकडे न्यायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. एक मिनिट उभ्याने फार लांब वाटतं. जी मुलगी हा मिनिट पाळते आणि बीपी ऐकू आलं नाही तर ‘सिस्टर, मला आलं नाही, परत बघता का’ म्हणते, तिची मला चिंता नसते, मग ती कुठल्याही कोर्सची असो.

म्हणूनच माझं मत असं, की कोर्सच्या नावाइतकंच कॉलेजमागचं हॉस्पिटल महत्त्वाचं, किंबहुना जरा जास्तच. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट आणि ७५ टक्के खाटा भरलेल्या असणं धरलेलं आहे. प्रत्यक्षात काही ठिकाणी इमारत चकाचक, लॅबमध्ये डमी नवे कोरे आणि वॉर्डात पेशंट कमी, मुली जास्त. अशा बीएस्सीपेक्षा गजबजलेल्या जिल्हा रुग्णालयाला किंवा जुन्या महापालिका रुग्णालयाला जोडलेलं जीएनएम मी डोळे मिटून निवडीन. प्रवेशाआधी सकाळी नऊच्या सुमारास त्या हॉस्पिटलच्या ओपीडीत अर्धा तास बसून या. गर्दी किती, विद्यार्थिनी दिसतात का, आणि दिसल्या तर त्या पेशंटपाशी आहेत की कॉरिडॉरमध्ये, एवढं बघा. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत हे सापडणार नाही.

पुढचा पगार आणि पायऱ्या

राज्य सरकारच्या अधिपरिचारिका पदासाठी जीएनएम आणि बीएस्सी दोन्ही चालतात आणि वेतनश्रेणी एकच, ३५,४०० पासून. आरोग्यसेविकेची २५,५०० पासून. म्हणजे जिल्हा रुग्णालयात नोकरी हेच ध्येय असेल तर चौथं वर्ष पगारात लगेच दिसत नाही. ते दिसतं पुढे. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर परीक्षेला बीएस्सीवाली थेट बसते. जीएनएमवालीला आधी किमान ५० खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव लागतो. तिथला मूळ पगार ४४,९०० पासून. एमएस्सी करून शिकवण्याकडे वळायचं असेल तर पदवी लागतेच. जीएनएमवालीला ती दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक बीएस्सीने मिळवता येते, म्हणजे एकूण पाच वर्षं झाली. पण मध्ये कमाई करून हे करता येतं, आणि ज्या घरात धाकटी भावंडं शिकायची आहेत तिथे हा फरक लहान नाही.

‘जीएनएम बंद होणार’ हे दर दोन वर्षांनी कुणीतरी सांगतं. तशी हालचाल भारतीय परिचर्या परिषदेकडून झाली होती हे खरं, पण कोर्स चालूच राहिला. त्या धास्तीने ऐपतीबाहेरचं खासगी बीएस्सी घेऊ नका.

मुलांबद्दल दोन ओळी. एएनएम मुलींसाठीच. जीएनएम आणि बीएस्सी मुलांनाही करता येतं, पण प्रत्येक शाळा मुलं घेत नाही, आणि एम्सच्या भरतीत जागा ८० टक्के महिलांना, २० टक्के पुरुषांना अशा विभागलेल्या असतात. आयसीयू, कॅज्युअल्टी, मानसोपचार इथे खासगी रुग्णालयं ब्रदर (पुरुष नर्स) मुद्दाम शोधतात. घरचे नाक मुरडतात ते पहिला पगार होईपर्यंत.

तर पर्याय भरताना क्रम असा लावा. सायन्स झालंय, इंग्रजी पुस्तक संथ का होईना वाचता येतं आणि सीईटी दिली आहे: आधी सरकारी बीएस्सी, मग मोठं हॉस्पिटल असलेलं खासगी बीएस्सी कॅपमधून, त्यानंतर थेट सरकारी किंवा महापालिकेचं जीएनएम, हॉस्पिटल नसलेली बीएस्सी कॉलेजं यादीत घालूच नका. आर्ट्स-कॉमर्स असेल किंवा तीन वर्षांत घराला हातभार लावायचा असेल तर जीएनएम, आणि सायन्स नाही म्हणून एजंटच्या नादाने परराज्यातल्या बीएस्सीला जाऊ नका, तिथेही सायन्स लागतंच. सायन्स असूनही परराज्यात जायचंच असेल, तर भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत त्या कॉलेजचं नाव स्वतः शोधा आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे तिथल्या नोंदणीचं इथे काय होतं ते लेखी विचारा, पहिला हप्ता भरण्याच्या आधी.