सलग तेरा दिवस की दोन हप्त्यांत रजा?

वडील गेले तेव्हा मी कुडाळला सलग तेरा दिवस राहिलो. दहाव्याला व्हाळाकाठी कावळा पिंडाला शिवायची वाट बघत होतो आणि खिशात साहेबांचा फोन थरथरत होता. धाकट्या भावाने तीनच दिवस राहून मुंबई गाठली, दहाव्याला परत कोकणकन्या. ऑफिसात कोणी चकार शब्द काढला नाही. पण आईजवळ बसणं राहिलं, शिवाय तिकिटं दुप्पट.

खासगी नोकरीत सुतकाची वेगळी रजा कायद्यात नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात (कामगारांची संख्या कायद्याच्या मर्यादेत बसत असेल तर) वर्षाला ८ नैमित्तिक रजा. बाकी दिवस अर्जित रजेतून.

मी तरी सलगच घेईन. फक्त ईमेलवर, परतीच्या तारखेसकट. फोनवरचं ‘हो हो, जा’ पगाराच्या दिवशी कोणाला आठवत नाही. प्रोबेशनवर असाल तर मात्र भावाची वाट बरी.