रोज एक पोस्टर इन्स्टावर, का वर्षभर प्रेसमध्ये? नवीन डिझायनरचा हात कुठं बसतो

डिप्लोमा संपत आला की कोल्हापुरातली पोरं-पोरी हमखास एकच प्रश्न घेऊन येतात. पुण्याला जाऊ का वगैरे नंतरचं, आधी हे सांगा दादा, सॉफ्टवेअर सगळं येतंय, खरं समोर कोरा आर्टबोर्ड उघडला की हातच चालत नाही, काय करू? आणि त्यांच्या डोक्यात दोन पर्याय आधीच ठरलेले असतात. एक म्हणजे घरी बसून रोज एक डिझाईन करायचं आणि इन्स्टाग्रामवर टाकायचं, तीस दिवस, शंभर दिवस, जे काय चॅलेंज चालू असेल ते. दुसरा म्हणजे गावातल्या एखाद्या प्रिंटिंग प्रेसला नाहीतर फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर म्हणून चिकटायचं, पगार बेताचा, पण काम रोजच्या रोज. तिसरा पर्याय कुणी फारसं बोलून दाखवत नाही, तो म्हणजे वही घेऊन गावात हिंडायचं आणि काढलेलं कुणालाच दाखवायचं नाही. त्याच्यावर शेवटी येतो.

माझं मत प्रेसच्या बाजूला झुकतंय हे आधीच सांगून टाकतो. सगळ्यांसाठी नाही आणि कायमचं तर अजिबात नाही, म्हणून पुढचं वाच.

कॉन्फिडन्स येतो कुठनं, यावर अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये नीट मांडणी केलीय. 'हे मला जमेल' असं माणसाला वाटायला चार गोष्टी लागतात: स्वतः करून जमलेलं काम, आपल्यासारख्याच कुणालातरी ते करताना बघणं, दुसऱ्यानं दिलेला धीर, आणि त्या वेळी छातीत होणारी धडधड किंवा नसणारी धडधड. यात सगळ्यात वजनदार पहिली. त्याच्या आधीच्या एका प्रयोगात त्यानं सापाला घाबरणारी माणसं घेतली होती, काहींना दुसरे लोक साप हाताळताना फक्त दाखवले आणि काहींना सोबत राहून, टप्प्याटप्प्यानं, स्वतः साप हातात घ्यायला लावला. ज्यांनी स्वतः हात लावला त्यांची भीती जास्त गेली. आता रात्री दोन वाजेपर्यंत ट्युटोरियल बघत बसणाऱ्यांनी आपण कुठल्या गटात बसतो ते बघावं की.

तर इन्स्टा आणि प्रेस, दोन्हीकडं साप हातात घ्यावाच लागतो. खरं इन्स्टावरचा साप आपण स्वतःच पाळलेला असतो, म्हणजे विषय आपला, रंग आपले, डेडलाईन आपली, आणि नापास करणारं कुणी नाही. ह्याचा फायदा आहे, तो नाकारत नाही. ज्याच्या लॅपटॉपवर 'फायनल', 'फायनल २', 'नवीन फायनल' अशा अर्धवट फायलींचा ढीग पडलाय त्याला रोज एक गोष्ट पुरी करून लोकांसमोर ठेवायची सवय लागली तर तेवढ्यानं सुद्धा माणूस बदलतो. लोक काय म्हणतील ही भीती पहिल्या दहा-बारा पोस्टमध्येच बऱ्यापैकी मरते. शिवाय पोर्टफोलिओ आपोआप जमतो आणि कोल्हापूरच्या बाहेरचं काम त्या रस्त्यानं येऊ शकतं, प्रेसच्या खुर्चीत बसून ते येत नाही.

अडचण पुढं सुरू होते. रोजचं टाकायचंय म्हटल्यावर माणूस जे येतं तेच करायला लागतो, तोच ग्रेडियंट, तेच ग्रेन, मधोमध एक मोठा इंग्रजी शब्द. खाली कमेंट 'नाद खुळा भावा', 'कडक'. धीर मिळाला, बरं वाटलं, खरं दोन अक्षरांत अंतर जास्त पडलंय हे कुणी सांगितलं का? आणि देवनागरी तर ह्या पोस्टरांत औषधाला सापडत नाही. '३६ डेज ऑफ टाईप' ह्या रोज एक अक्षर काढायच्या इन्स्टा चॅलेंजचंच बघ, इंग्रजीची २६ अक्षरं आणि १० अंक असा त्याचा हिशोब आहे, आपली नुसती व्यंजनं मोजली तरी तिशी पार होते, वर स्वर, बाराखडी, जोडाक्षरं. आपल्या पोरांनी सगळं इमानदारीत पुरं केलं तरी 'क्ष' किंवा 'ल्ह' कसा काढायचा हा प्रश्न जिथल्या तिथंच राहतो, आणि उद्या इथलं गिऱ्हाईक येणार ते 'श्री अंबाबाई प्रसन्न' घेऊनच येणार.

आता प्रेस. इथं पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईक स्टूल ओढून तुझ्या शेजारी बसतं. चहा मागवतं. आणि स्क्रीनला बोट लावून सांगतं, हे जरा मोठं करा, ते जरा खाली घ्या. कॉलेजात ज्याला मागं कुणी उभं राहिलं की घाम फुटायचा त्याचा हा प्रॉब्लेम महिन्याभरात संपतो, कारण दुसरा इलाजच नसतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सची आपण सगळे टिंगल करतो, मी पण करतो, खरं त्यात हायरार्की जेवढी कडक शिकायला मिळते तेवढी वर्गात मिळत नाही. मधे बर्थडे बॉय, वर नेत्यांचे फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग, आणि प्रत्येकाचं तोंड नेमक्या किती साईजचं हे चुकलं तर तालमीत भांडण. कोण आधी दिसलं पाहिजे, कोण नंतर, कोण दिसलं नाही तरी चालेल, हे सगळं तिथं जिवंत माणसांच्या हिशोबानं ठरतं.

आणि खरी शाळा मशीनवर. लग्नपत्रिका घे. काळ्या बॅकग्राऊंडवर बारीक पांढरी अक्षरं, स्क्रीनवर एकदम रिच दिसतायत. खरं तो काळा तू चार कलरचा केलायस, म्हणजे चारी शाया एकावर एक छापून येणारा, आणि अक्षर सहा पॉईंटचं. ऑफसेट मशीनवर प्रत्येक शाईची वेगळी प्लेट, आणि चारी प्लेट एकमेकींवर बरोब्बर बसाव्या लागतात, एखादी केसभर जरी सरकली तरी अक्षराच्या कडेला निळी नाहीतर लाल किनार येते आणि बारीक अक्षर भरून जातं, 'कन्या' वाचायला भिंग लागतं. मशीनवाले मामा शीट उचलतात, उजेडात तिरका धरतात, भिंग लावतात आणि काही न बोलता तुझ्यापुढं ठेवतात. परत तू आयुष्यात काळ्यावर उलटं बारीक अक्षर टाकताना एकदा थांबतोस. तसंच स्क्रीनवरचा तो झगमगीत पोपटी, चार शाईत तो येतच नाही, मळकट होतो. कडेला ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर जाणारा जादा रंग, सोडलं नाही की कटिंगमध्ये पांढरी रेघ. फॉन्टचे कर्व्ह केले नाहीत, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाकले नाहीत, की दुसऱ्या कॉम्प्युटरवर 'शिवजयंती'ची पहिली वेलांटी उडी मारून व च्या डोक्यावर. फोटोशॉपच्या जुन्या व्हर्जनमध्ये देवनागरी पेस्ट केल्यावर जोडाक्षरं फुटतात तेव्हा टाईपच्या सेटिंगमध्ये जाऊन वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करायचा असतो, ही साधी गोष्ट सुद्धा मी चांगल्या-चांगल्या इन्स्टा डिझायनरना माहीत नसलेली बघितलीय.

हे सगळं कळलं की एक वेगळाच धीर येतो. छापून आल्यावर काय होणार ह्याची धाकधूक राहत नाही, कारण काय होणार ते आधीच दिसत असतं.

आणि ऑर्डरीचं काम म्हणजे कलेचा अपमान असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्याच गावाकडं बघावं. कलामहर्षी बाबुराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते, म्हणजे कुणीतरी सांगितलेला राजवाडा, कुणीतरी सांगितलेलं जंगल, कंपनीच्या मापात आणि कंपनीच्या तारखेला. त्याच माणसानं पुढं १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि घरच्या घरी कॅमेरा बनवायच्या मागं लागला. पडद्यांनी त्यांचा हात काही बिघडला नाही.

तरी प्रेसचा धोका मोठा आहे आणि तो हळूहळू चढतो. एका डिझाईनला पंधरा मिनिटं, बाहेर तीन गिऱ्हाईकं थांबलेली, मग गेल्या वर्षीची फाईल उघडायची, फोटो बदलायचा, नाव बदलायचं, भगवा तोच, चमक तीच. नेटवरनं पीएनजी, म्हणजे आयती कापलेली चित्रं, उचलायची सवय लागते आणि ती अशी लागते की साधं फूल सुद्धा स्वतः काढावंसं वाटत नाही. वेग येतो, नजर थांबते. दोन-तीन वर्षं तिथंच बसलेली पोरं डोळे झाकून कोरलड्रॉ सॉफ्टवेअर चालवतात, आणि त्यांना विचारलं की हा फॉन्ट का घेतलास तर म्हणतात, असाच असतोय की. म्हणून म्हणतोय की प्रेस वर्षभर, फार तर दीड वर्ष. दिलेली फाईल न विचारता बरोबर छापून यायला लागली आणि आठवडाभर नवीन काही कानावर पडलं नाही, की मालकाला सांगून निघायचं.

सवयीच्या बाबतीत मात्र दोन्हीकडं गंमत आहे. २१ दिवसात सवय लागते असं रील्सवाले छातीठोकपणे सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सोबतच्या लोकांनी ९६ जणांवर हे बघितलं, त्यात एखादी गोष्ट आपोआप व्हायला साधारण ६६ दिवस लागतील असं निघालं, आणि माणसामाणसात फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. त्याहून कामाचं म्हणजे मधे एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही हे पण त्यात दिसलं. इन्स्टा चॅलेंजचा जीव मात्र न चुकण्यातच अडकलेला. बाविसाव्या दिवशी घरात पाहुणे आले, पोस्ट राहिली, आता काय तोंड दाखवायचं म्हणून पोरगं अख्खं चॅलेंजच सोडून देतं. प्रेसमध्ये हा प्रश्न येत नाही, सकाळी दहाला शटर वर जातं म्हणजे जातं, मूड असो नसो. सवय लावायला ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा लागते, प्रेस दोन्ही फुकट देतं. घरी बसणाऱ्यानं हे स्वतः बांधायला लागतं, 'संध्याकाळचा चहा झाला की गच्चीत बसून अर्धा तास' असं नेमकं, नुसतं 'रोज करीन' म्हणून होत नाही.

राहिली वही. ही स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. गंगावेशीत, महाद्वार रोडला जुन्या दुकानांच्या हातानं रंगवलेल्या पाट्या अजून काही टिकून आहेत, त्यांची अक्षरं उतरवून घे, शिरोरेघ कुठं जाड होते, 'ळ' कसा वळवलाय. टाऊन हॉल म्युझियममध्ये आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत, राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे, तिथं बसून काढ. आबालाल मुंबईला जे.जे.त शिकून आले, शाहू महाराजांनी त्यांना दरबारात घेतलं, तरी आयुष्य कोटितीर्थ आणि रंकाळ्याच्या पाण्याचा उजेड बघण्यात गेलं. महाराज गेल्यावर त्यांनी आपली ढीगभर चित्रं कोटितीर्थात बुडवली असं गावात सांगितलं जातं. खरंखोटं देव जाणे, पण कुणासाठी काढतोय हा प्रश्न लाईकच्या आधीपासूनचा आहे एवढं नक्की. वहीनं नजर तयार होते, धीर मात्र एकट्या वहीनं येत नाही, कारण तिला कुणी नाही म्हणत नाही आणि तिच्यात काहीच छापायला जात नाही. म्हणून वही हा वेगळा पर्याय धरूच नको, दोन्हीच्या बरोबर ठेव.

आता ठरवायचं कसं. काम पुरं होत नाही, दाखवायची लाज वाटते, घरचं भागतंय आणि तुला यूआय, म्हणजे वेबसाईटच्या स्क्रीनच्या, किंवा ॲपच्या कामातच जायचंय, तर प्रेसच्या नादी लागू नको, चॅलेंज घे. फक्त तीन अटी लाव: अर्ध्या पोस्ट मराठीत, आठवड्यातली एक तरी कुणीतरी दिलेल्या खऱ्या मजकुरावर, मग तो चुलत्याच्या दुकानाचा बोर्ड असला तरी चालेल, आणि एक दिवस बुडला तर दुसऱ्या दिवशी गप्प पुढचा नंबर टाकायचा, माफीची स्टोरी नको. लाईक बघायचेच असतील तर आठवड्यातनं एकदा बघ.

तुला ब्रँडिंग, पॅकेजिंग, पुस्तकं, मराठी टायपोग्राफी यात काहीतरी करायचं असेल, किंवा घरात महिन्याला चार पैसे द्यावे लागतात, तर प्रेस. खरं कुठलीही नको. मुलाखतीला गेल्यावर बघ मशीन तिथंच आहे का काम बाहेर छापून येतं, कारण मशीन नसलेल्या दुकानात वरचं निम्मं शिक्षण गळतं. नुसतं फ्लेक्सचं दुकान असेल तर सहा महिन्यांच्या वर थांबू नको, ऑफसेट आणि बाइंडिंग दोन्ही असेल तर भाग्यवान आहेस. मालकाला एवढंच विचारायचं, छपाई चालू असताना मी खाली मशीनवर थांबलो तर चालेल का. नको म्हणाला तर शेजारच्या गल्लीत दुसरी प्रेस असतेच.