चॅट, इश्यू की ईमेल: ओपन सोर्स प्रोजेक्टची चर्चा कुठे ठेवावी?

ओपन सोर्स प्रोजेक्ट सुरू करताना लायसन्स कोणतं घ्यायचं, टेस्ट कशा चालवायच्या यावर भरपूर खल होतो. बोलायचं कुठे, हे मात्र आपसूक ठरून जातं. कुणीतरी डिस्कॉर्डवर सर्व्हर उघडतं, चार जण येतात आणि सगळं तिथेच सुरू होतं. वापरणारे वाढले की याच गोष्टीचा सगळ्यात जास्त त्रास होतो. कोड उचलून दुसरीकडे नेणं सोपं आहे, कारण गिट या इतिहास जपणाऱ्या साधनात कोड क्लोन (पूर्ण कॉपी) केला की पूर्ण इतिहास सोबत येतो. चर्चेचं तसं नसतं. अमुक फंक्शन असं का लिहिलं, तमुक बग का सोडून दिला, ही कारणं जिथे बोलली गेली तिथेच राहतात, किंवा राहतही नाहीत.

ज्यांच्याकडे असा एखादा प्रोजेक्ट आहे आणि जागा अजून ठरायची आहे, त्यांच्यासाठी हा आढावा. पर्याय तीन: लाइव्ह चॅट (आयआरसी, मॅट्रिक्स, झुलिप, डिस्कॉर्ड, स्लॅक), इश्यू ट्रॅकर, म्हणजे बग आणि मागण्यांची नोंदवही (गिटहब, गिटलॅब, बगझिला; पहिल्या दोघांत त्याला जोडून पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला बदल स्वीकारण्याची विनंतीही असते), आणि ईमेल लिस्ट. माझं मत आधीच सांगतो. बहुतेक प्रोजेक्टसाठी इश्यू ट्रॅकर हीच मुख्य जागा असावी, आणि मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारे) एक-दोनच असतील तर चॅट उघडूच नये.

अडलेलं सोडवताना

चॅटचा वेग मान्य करायलाच हवा. समजा कुणी येऊन म्हणतं, ‘अपडेट केल्यापासून प्रोग्रॅम सुरूच होत नाही.’ यातून काहीच कळत नाही. व्हर्जन कोणतं? पॅकेज डिस्ट्रोचं (लिनक्सच्या तयार संचाचं) की स्वतः बिल्ड केलेलं? एररची शेवटची ओळ काय आहे? इश्यूमध्ये यातल्या एकेका प्रश्नाला एकेक दिवस जातो. चॅटवर मेंटेनर म्हणतो, ‘एलडीडी चालवून आउटपुट टाक.’ प्रोग्रॅम कोणती लायब्ररी कुठून लोड करतो ते ही कमांड दाखवते. आउटपुट येतं, त्यात ओपनएसएसएलची (एन्क्रिप्शनची) लायब्ररी सिस्टिमच्या नेहमीच्या जागेवरून न येता हाताने टाकलेल्या जुन्या कॉपीतून लोड होताना दिसते. ती कॉपी काढली की प्रोग्रॅम सुरू. दहा मिनिटांत काम झालं, दोघंही खूश.

अडचण दुसऱ्या दिवशी कळते. तीच जुनी लायब्ररी असलेला दुसरा माणूस येतो आणि तेवढीच दहा मिनिटं पुन्हा जातात. उत्तर आदल्या दिवशीच्या शेकडो मेसेजच्या वर कुठेतरी असतं. डिस्कॉर्डच्या सर्व्हरवरचं बोलणं सर्च इंजिनला एरवी दिसत नाही. स्लॅकच्या फुकट प्लॅनमध्ये २०२२ पासून मागचे ९० दिवसच दिसतात. आयआरसीवर तर लॉग ठेवणारा बॉट कुणी लावला नसेल तर चॅनेलमधून बाहेर असतानाचं काहीच मिळत नाही.

इश्यूचं बळ याच्या नेमकं उलट आहे. उत्तर उशिरा मिळतं, पण एकदाच द्यावं लागतं. त्यासाठी स्टॅक ट्रेस (एरर येताना कोणती फंक्शन चालू होती त्याची यादी) मजकूर म्हणून पेस्ट केलेला हवा, स्क्रीनशॉट नको. पुढच्या माणसाने एररची ओळ जशीच्या तशी सर्चमध्ये टाकली की तो थेट त्या इश्यूवर पोहोचतो. चित्रातला मजकूर असा हमखास सापडत नाही. इश्यू टेम्प्लेटमध्ये व्हर्जन, नेमक्या पायऱ्या, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढे चारच रकाने ठेवले तरी निम्मी विचारपूस वाचते. वीस रकान्यांचा टेम्प्लेट मात्र कुणी भरत नाही, लोक सगळं पुसून दोन ओळी लिहितात.

मला स्वतःला इश्यूचं सर्वांत मोठं मोल वाटतं ते गिट ब्लेमपासून सुरू होणाऱ्या साखळीत. कोणती ओळ कोणत्या कमिटने, म्हणजे नोंदवलेल्या बदलाने, आली ते ही कमांड दाखवते. एखादी विचित्र अट कोडमध्ये दिसते, ब्लेम करून तिचा कमिट सापडतो, कमिट मेसेजमध्ये इश्यूचा नंबर असतो, आणि इश्यू उघडला की कळतं की ही अट एका विशिष्ट फाइलसिस्टिमवर डेटा जाऊ नये म्हणून घातली होती. ही साखळी शाबूत असेल तर पाच वर्षांनी आलेला माणूसही ती ओळ ‘साफसफाई’च्या नावाखाली उडवत नाही. कमिट मेसेजमध्ये नुसतं ‘चॅटवर ठरल्याप्रमाणे’ असेल तर साखळी तिथेच तुटली.

गिट बायसेक्टही (बिघाड कोणत्या कमिटने आला ते शोधणारी कमांड) इश्यूवरच शोभतं. शेवटचं चांगलं व्हर्जन आणि पहिलं बिघडलेलं व्हर्जन माहीत असेल तर मधल्या हजार कमिटमधून दोषी कमिट साधारण दहा पायऱ्यांत मिळतो, कारण प्रत्येक पायरीला उरलेले निम्मे गळतात. पण दर पायरीला बिल्ड करावं लागतं. मोठ्या प्रोजेक्टमध्ये यात अख्खी संध्याकाळ जाते, आणि तेवढा वेळ समोर ताटकळत बसायला चॅटवर कुणी नसतं. इश्यूमध्ये रिपोर्टर दुसऱ्या दिवशी येऊन दोषी कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) टाकतो, आणि ज्याने तो कमिट केला त्याला तिथेच टॅग करता येतं.

लांबलचक वाद असेल तर

इश्यू इथे कमी पडतात. गिटहबवर इश्यूची चर्चा एका सरळ रांगेत चालते. दोनशे कमेंट झाल्या की मधल्या दुमडल्या जातात, निर्णय नेमका त्यांतच दडतो, आणि नवा माणूस आधीच निकाली निघालेला मुद्दा पुन्हा काढतो.

ईमेलचं या बाबतीतलं कौशल्य अजून कुणाला पूर्णपणे गाठता आलेलं नाही. लिनक्स कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, ईमेलने येतो. रिव्ह्यू करणारा पॅचच्या ओळी उत्तरात तशाच ठेवून हव्या त्या ओळीखाली आपलं म्हणणं लिहितो. उत्तरांना अशा फांद्या फुटतात: एका मुद्द्याचा वाद एका फांदीवर चालतो, दुसऱ्याचा दुसऱ्या. कमिट मेसेजही कोडइतक्याच काटेकोरपणे तपासला जातो: बग कुणी कळवला, कोणत्या जुन्या कमिटमुळे आला, पॅचची जबाबदारी कोण घेतंय, हे सगळं त्यात ठरलेल्या टॅगने नोंदवतात. या पद्धतीने दर नऊ-दहा आठवड्यांनी दहा हजारांहून जास्त कमिट असलेलं कर्नल बाहेर पडतं. गिटचा विकासही ईमेलवरच चालतो, पोस्टग्रेस या डेटाबेसचाही. डेबियन या लिनक्स डिस्ट्रोची बग नोंदणारी यंत्रणा आजही ईमेलनेच चालवता येते.

मग सगळ्यांनी ईमेलच का घेऊ नये? कारण पहिला पॅच पाठवणाऱ्याचे फार हाल होतात. मजकूर साधा हवा, एचटीएमएल चालत नाही, ओळी मध्येच मोडल्या तर पॅच लागत नाही. जीमेल ब्राउझरमधून वापरलं तर टॅबच्या जागी स्पेस येतात, म्हणून कर्नलच्या मार्गदर्शक कागदपत्रांतच त्यातून पॅच पाठवू नका असं लिहिलं आहे. स्पेलिंगची एक चूक दुरुस्त करायला आलेल्याला आधी मेल सर्व्हरची सेटिंग शिकावी लागली, तर तो परत येत नाही. मोठे प्रोजेक्ट कुठे वळले ते पाहिलं तरी हे कळतं. एलएलव्हीएम या कंपायलर प्रोजेक्टने २०२१ च्या शेवटी बगझिला सोडून गिटहबचे इश्यू घेतले आणि २०२३ मध्ये पुल रिक्वेस्टही स्वीकारल्या. पायथनचे इश्यू २०२२ मध्ये गिटहबवर आले. नवा प्रोजेक्ट आज ईमेल पॅचवर सुरू करा असं मी सांगणार नाही, अपवाद फक्त कर्नलच्या आसपास काम करणाऱ्यांचा, कारण त्यांची माणसं आधीच तिथे आहेत.

निर्णय कुणाच्या झोपेत होतो?

चार जण चॅटवर जमतात, तासाभरात एपीआय (इतर प्रोग्रॅम ज्यातून हा कोड वापरतात ते दार) बदलायचं ठरतं, आणि पाचवा माणूस उठतो तेव्हा सगळं मर्ज झालेलं, म्हणजे मुख्य कोडमध्ये गेलेलं असतं. त्याच्या बाजूने पाहिलं तर तो प्रोजेक्टमधून बाहेर फेकला गेला, कुणाचाही तसा हेतू नसताना. अपाची फाउंडेशनच्या प्रोजेक्टमध्ये मतदान सहसा किमान ७२ तास खुलं ठेवतात आणि निर्णय ईमेल लिस्टवरच घेतात, ते यासाठीच. चॅट ठेवणार असाल तर एवढा नियम तरी घाला: चॅटवर चर्चा होईल, निर्णय होणार नाही. ठरलेलं जो सुचवतो त्यानेच इश्यूत लिहायचं आणि दोन-तीन दिवस थांबायचं.

चॅटमध्येही डावं-उजवं आहेच. मी झुलिपच्या बाजूने आहे. तिथे प्रत्येक बोलण्याला विषयाचं नाव द्यायची पद्धत आहे, त्यामुळे दोन दिवसांनी आलेला माणूसही नेमका धागा पकडू शकतो. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कंपायलर टीमची चर्चा तिथे चालते, झुलिप स्वतः ओपन सोर्स आहे, आणि चॅनेल लॉगिनशिवाय वाचता येतील असे खुले ठेवता येतात.

जागा हातची गेली तर

२०२१ च्या मे महिन्यात फ्रीनोड या आयआरसी नेटवर्कच्या ताब्यावरून वाद झाला. ते चालवणारे स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा चॅट सुरू केलं. जेंटू, उबंटूसारखे मोठे प्रोजेक्ट थोड्याच काळात तिकडे गेले. प्रोटोकॉल खुला असल्यामुळे वापरणाऱ्यांना क्लायंटमध्ये सर्व्हरचं नाव बदलून नाव नोंदवलं की पुरलं. एकाच कंपनीच्या बंद चॅटमध्ये ही सोय नाही.

दुसरं उदाहरण एक्सझेड या फाइल आकसवणाऱ्या टूलचं. २९ मार्च २०२४ ला पोस्टग्रेसचे डेव्हलपर आंद्रेस फ्रॉइंड यांनी एका सिक्युरिटी लिस्टवर कळवलं की एक्सझेडच्या नव्या रिलीजमध्ये बॅकडोर (चोरवाट) आहे. एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरायला) सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा माग काढताना त्यांना तो सापडला होता. गिटहबने ती रिपॉझिटरी (प्रोजेक्टच्या कोडची जागा) तातडीने बंद केली, आणि तिथले इश्यू व पुल रिक्वेस्ट काही दिवस कुणालाच उघडता येईनात. प्रोजेक्टच्या ईमेल लिस्टचे संग्रह मात्र दुसरीकडे उघडे होते. २०२२ मध्ये मूळ मेंटेनरवर जबाबदारी वाटून देण्यासाठी दबाव आणणारे ईमेल लोकांनी त्यांतूनच शोधले आणि बॅकडोर घालणाऱ्याने मेंटेनरचा विश्वास कसा पद्धतशीरपणे कमावला याची मांडणी केली. हे बोलणं खासगी चॅटवर झालं असतं, तर मेंटेनरला एकटं कसं पाडतात हे आपल्याला इतकं स्पष्ट दिसलं नसतं. एकट्याने प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ते ईमेल वाचावेत असं मला मनापासून वाटतं.

तर मग निवडायचं काय

एकटे किंवा दोघं असाल तर फक्त इश्यू. चॅट उघडलं की हजर राहणं आलं, आणि रात्री अकरा वाजता ‘कुणी आहे का?’ असा मेसेज दिसला की गप्प बसणंही जड जातं. सामान्य प्रश्नांसाठी गिटहबवरच डिस्कशन्सचा विभाग सुरू करा, म्हणजे इश्यूत बगच राहतील. काही दिवस हालचाल नाही म्हणून इश्यू आपोआप बंद करणारा बॉट लावू नका. बग तसाच असतो, कळवणारा तेवढा दुखावतो.

पाच-दहा नियमित माणसं झाली आणि रिव्ह्यू अडकायला लागले की झुलिप किंवा मॅट्रिक्स जोडा, वर सांगितलेल्या नियमासह. चॅटवर सुटलेली अडचण दुसऱ्यांदा आली की तिचा इश्यू करायचा, उत्तर लिहायचं आणि बंद करायचा. बंद इश्यूही सर्चमध्ये सापडतो.

सुरक्षेतल्या त्रुटींसाठी यातली कुठलीच उघडी जागा चालत नाही. रिपॉझिटरीत सिक्युरिटी नावाची फाइल ठेवून खासगीत कसं कळवायचं ते लिहा, गिटहबवर खासगी रिपोर्टिंगची सोय आहे ती चालू करा. आणि इश्यू गिटसोबत क्लोन होत नाहीत, म्हणून एपीआयने त्यांची कॉपी ठरावीक दिवसांनी आपोआप दुसऱ्या ठिकाणी उतरवणारी स्क्रिप्ट पहिल्या रिलीजच्या आधीच लावून ठेवा.