सिल्व्हर मॉलमध्ये विंडोज नव्याने टाकून घेताना

इंदूरच्या आर.एन.टी. मार्गावरील सिल्व्हर मॉलमध्ये संगणकाच्या दुकानांची दाटी आहे. त्यांपैकी एका लहान दुकानात मी माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ टाकून घेतले. विंडोज १०चा नियमित आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने हे काम लांबवण्यात अर्थ नव्हता. दुकानदाराने लॅपटॉपमध्ये टीपीएम २.० ही विंडोज ११ला लागणारी सुरक्षा-सुविधा आहे ना, हे आधी तपासले आणि मगच पैशांचा विषय काढला, हे मला आवडले.

डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची होती. तिच्यात प्राथमिक पार्टिशन, म्हणजे डिस्कचे मुख्य भाग, चारच करता येतात, शिवाय यूईएफआय या संगणक सुरू करणाऱ्या नव्या प्रणालीवर विंडोज सुरू होण्यासाठी डिस्क जीपीटी या नव्या विभागणी पद्धतीची असावी लागते. सेटअपमधून हा बदल करायचा म्हणजे संपूर्ण डिस्क पुसणे आले. फक्त सी ड्राइव्ह जाईल, अशा समजुतीने डी ड्राइव्हमध्ये ठेवलेले सारेही त्यात जाते. ‘काका, आधी बॅकअप उघडून बघा, मग मी पुसतो,’ असे म्हणून त्याने बाहेरच्या डिस्कवर घेतलेल्या फाइली मला स्वतः उघडायला लावल्या. इतका धीर या धंद्यात क्वचितच दिसतो.

मात्र सी ड्राइव्हला त्याने १०० जीबीच जागा ठेवली होती. किमान अट ६४ जीबीची असली, तरी अद्ययावतीकरणांनी जागा झपाट्याने भरते. मी सांगितल्यावर त्याने ती वाढवली. न विचारता टाकलेला चाचणी अवधीचा अँटिव्हायरस मात्र मला घरी येऊन काढावा लागला, आणि पक्के बिलही मागितल्यावरच मिळाले.