मुंबई–नागपूर: तिकिटावरचा दीड तास आणि घरापासूनचा हिशोब

विमानाने साधारण दीड तास, समृद्धीने आठ, रेल्वेने रात्रभर. असं मांडलं की निर्णय झालाच म्हणायचा. पण विमानाचा आकडा विमान जागेवरून हलल्यापासून मोजलेला असतो आणि आपण मोजतो घराला कुलूप लावल्यापासून.

आधी अंतर पाहू, ते वहीवरही काढता येतं. मुंबई आणि नागपूर विमानतळांच्या अक्षांशात २ अंशांचा फरक आहे, रेखांशात ६.१८ चा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश आपल्या पट्ट्यात १०४ च्या आसपास भरतो, कारण विषुववृत्तापासून वर सरकावं तशी रेखावृत्तं जवळ येतात. म्हणजे उत्तरेला २२२, पूर्वेला ६४३, आणि शाळेतल्या पायथागोरसला धरून तिरकं अंतर सुमारे ६८०. (लंडनसाठी हे करू नका, तिथे पृथ्वीची गोलाई आडवी येते.) समृद्धी ७०१ किलोमीटर आहे, पण ती भिवंडीजवळच्या आमणेपासून; तिथवर पोचणं वेगळं. भुसावळ, बडनेऱ्यावरून जाणारी रेल्वे सीएसएमटीपासून ८३७.

६८० ला ताशी ८०० ने भागलं तर ५१ मिनिटं येतात. मग वेळापत्रकात दीड तास कशाला? चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, शिवाय जमिनीवर रांगत जाणं आलंच. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरायची. उशीर होणार हे गृहीत धरूनच कंपन्या वेळ लावतात. म्हणूनच कधीकधी 'वेळेआधी पोचलो' अशी घोषणा ऐकू येते. मला तिचं हसू येतं.

आता ठाण्यातल्या घरापासून धरू. विमानतळापर्यंत एक तास, तिथे दीड तास आधी, उड्डाणाचा दीड, सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा: साडेचार तास. नागपूरचा विमानतळ सोनेगावात, शहराला लागून, मेट्रोही आहे. इथे वेळ वाचतो. तिकीट काढताना मात्र सांताक्रूझ की नवी मुंबई, हे नीट वाचा. ठाणेकराचा सगळा हिशोब त्यावर हलतो.

समृद्धीवर मोटारीला सपाटीत १२० ची मर्यादा आहे. कागदावर सहा तासांच्या आत होतं, पण सरळसोट रस्त्यावर डोळे जड होतात. दोन थांबे घ्याच. आठ धरा. टोल किलोमीटरला साधारण २ रुपये. एकट्याला महाग पडतं, चौघांना परवडतं.

जायचं वर्ध्याला असेल तर चित्र पालटतं. विमान तुम्हाला पुढे नेऊन सोडतं आणि ७५ किलोमीटर मागे यावं लागतं. साडेचारचे सहा होतात. समृद्धी वर्ध्याजवळूनच जाते, तिथे मोटारीने सात तासांत पोचता येतं. एका तासासाठी मी तरी विमानाचं तिकीट काढणार नाही.

आणि विदर्भ एक्सप्रेस? ती ठाण्याला, कल्याणला थांबते, वर्ध्यालाही थांबते. तास सर्वांत जास्त, पण त्यातले बरेचसे झोपेत जातात. सकाळी अकराचं काम असेल आणि आरक्षण मिळत असेल, तर माझी बॅग त्याच गाडीत असते.