पोलादी सांगाडा की आरसीसी? तीन-चार मजली व्यापारी इमारतीसाठी तुलना

शोरूम किंवा कार्यालयाची इमारत बांधायची ठरली की आपल्याकडे आरसीसी, म्हणजे सळया घातलेले काँक्रीट, गृहीतच धरले जाते आणि पोलादी सांगाड्याचा विचार एमआयडीसीतल्या शेडपुरताच उरतो. मला ही सवय महागात पडणारी वाटते.

एक घनमीटर आरसीसीचे वजन सुमारे २५०० किलो, तर पोलादाचे ७८५० किलो असते. तरीही सांगाडा पोलादाचाच हलका होतो, कारण एम २५ प्रतीचे काँक्रीट दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सोसते, तर ई २५० प्रतीचे पोलाद दाब आणि ताण दोन्हींत २५० न्यूटनपर्यंत टिकते. त्यामुळे कॉलम बारीक राहतात, फूटिंगवरचा (कॉलमखालच्या पायावरचा) भार घटतो आणि दहा-बारा मीटरचा गाळा, म्हणजे दोन कॉलममधली मोकळी जागा, मध्ये कॉलम न घेता मिळू शकतो. काळ्या मातीत, किंवा जुन्या इमारतीवर मजला चढवताना, हा फरक निर्णायक ठरतो. कोयना परिसरासारख्या भूकंपप्रवण भागातही वजन कमी तितका धक्का कमी, आणि जोड नीट केलेले असतील तर पोलाद तुटण्याआधी पुष्कळ वाकते.

वेळेतही पोलाद पुढे आहे. आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकानुसार सहा मीटरहून लांब बीमखालचे टेकू साधारणपणे २१ दिवस काढता येत नाहीत. पोलादी कामात मात्र पाया खणला जात असतानाच कारखान्यात कॉलम-बीम तयार होतात, आणि डेक शीटवर (पन्हाळीदार पोलादी पत्र्यावर) स्लॅब ओतल्यास बरेचसे सेंटरिंगही वाचते.

आगीच्या बाबतीत आरसीसी निःसंशय सरस आहे. सुमारे ५५०-६०० अंश सेल्सिअसला उघड्या पोलादाची निम्मी ताकद जाते, म्हणून अग्निरोधक लेप किंवा बोर्ड टाळता येत नाही. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेने गंज लवकर धरतो. पण तिथे आरसीसीतल्या सळयाही गंजतात, आणि ते बहुधा काँक्रीटला तडे गेल्यावरच कळते, तर उघड्या पोलादावरचा गंज वेळीच दिसतो आणि घासून रंगवता येतो.

लहान खोल्यांच्या बंगल्यासाठी मी आरसीसीच सुचवेन, कारण त्याचे कारागीर गावोगावी आहेत. मोठे गाळे हवे असतील, जमीन कमकुवत असेल किंवा भाडे लवकर सुरू व्हायचे असेल, तर पोलाद निवडावे. मात्र कोटेशनमध्ये अग्निरोधक लेप, रंग, डेक शीट आणि क्रेनचा खर्च वेगवेगळा लिहून घ्यावा, कारण नुसत्या किलोच्या दरावरून आरसीसीशी तुलना होऊ शकत नाही.