घडीचा खेकडा-पिंजरा: भाताच्या खाचरात दोन पावसाळे

आमचं भात बावीस गुंठे, माणगाव तालुक्यात, ओढ्याला लागून. ओढ्याकडची दोन खाचरं मुठ्यांची, म्हणजे शेतातल्या खेकड्यांची म्हणूनच ओळखली जातात. लावणीनंतरच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत मुठे कोवळी रोपं बुडाशी कातरतात आणि बांधाला आरपार बिळं पाडतात. संध्याकाळी घोटाभर पाणी कोंडून घरी यावं, तर सकाळी खाचरात नुसता चिखल. खत टाकलेलं असलं तर तेही पाण्याबरोबर खालच्या शेतात गेलेलं. 2019 च्या जुलैत चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं, तेव्हा त्या वेळच्या मंत्र्यांनी खेकड्यांवर बोट ठेवलं आणि सगळीकडे त्यावर हसणं झालं. धरणाची गोष्ट वेगळी, तिथे माणसं गेली. पण मातीचा दीड हात रुंद बांध मुठे एका पावसाळ्यात चाळणी करतात, हे मी दर वर्षी लिंपून लिंपून शिकले आहे.

मागच्या वर्षी जूनमध्ये मी ऑनलाइन दोन पिंजरे मागवले. दोन्ही मिळून 680 रुपये. छत्रीसारखी घडी होते, उघडल्यावर षटकोनी जाळीची पेटी तयार होते. सहा बाजूंना आत निमुळती होत जाणारी तोंडं, मधोमध आमिषाची चेन लावलेली पिशवी, वर बांधायला दोरी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच घडणीचे पिंजरे पाच-सहा नावांनी विकायला दिसतात.

पिंजरा उघडून अंगणात ठेवला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “पिंजऱ्यात उंदीर येतात गं, मुठे कशाला येतील?” त्या अजून बॅटरी घेऊन बांधावर जातात आणि पाठीवर बोट दाबून मुठा उचलतात. तेवढी हिंमत माझ्यात नाही. पहिल्या रात्री तीन आले. दुसऱ्या रात्री रिपरिप होती, सकाळी अकरा. लावणीनंतरच्या दहा रात्रींत दोन पिंजऱ्यांत मिळून चौसष्ट मुठे मोजले, आणि त्या दोन खाचरांत सांधण करायला, म्हणजे गेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायला, जेमतेम दोन मुठी रोपं लागली. एरवी पेंढ्याच्या पेंढ्या लागतात.

जागा मात्र बघून ठेवावी लागते. खाचराच्या मधे ठेवला तर रिकामा निघतो. जिथून पाणी झिरपतं त्या कोपऱ्यात, बांधाला टेकवून, एक तोंड बिळाकडे करून ठेवायचा. आमिषाला कोंबडीची आतडी घातली तर कुत्री पिंजरा ओढत नेतात, माझा एक असाच शेजारच्या शेतात सापडला. सुक्या बांगड्याची डोकी सगळ्यात चांगली. वास पाण्यात पसरतो आणि दोन रात्री टिकतो. धो-धो पावसात, पाणी बांधावरून वाहत असताना, लावूच नका.

आता वाईट. जाळी फार पातळ. मोठ्या मुठ्याच्या नांगीपुढे ती टिकत नाही. पाचव्या रात्री एका पिंजऱ्याला मुठीएवढं भोक पडलं, मी ते बांधकामाच्या तारेने विणलं. पहिल्या पावसाळ्याअखेर चेन गंजून बसली, आता पिशवीचं तोंड सुतळीने बांधते. आणि ज्या गोष्टीने मला खरंच लागलं ती सांगते. पहिल्याच आठवड्यात एका पिंजऱ्यात दिवड मेलेली सापडली. बिनविषारी, पाण्यातले बेडूक-मासे खाणारी. वासाने नाहीतर बेडकामागे आत शिरली असेल, बाहेर पडता आलं नाही आणि पिंजरा पूर्ण बुडालेला होता. सोबतच्या कागदावर याबद्दल एक ओळही नव्हती. तेव्हापासून पिंजऱ्याच्या आत वरच्या बाजूला पाण्याची रिकामी बाटली बांधते, म्हणजे माथा पाण्यावर राहतो, आणि उजाडायच्या आत पिंजरे काढते. त्यानंतर दोनदा दिवड आली, दोन्ही वेळा जिवंत सोडली. बेडूक तर रोजच असतात, तेही सोडायचे. कासव आलं तर तेसुद्धा. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. मला कोणी विचारतं की असाच मोठा पिंजरा डुकरांसाठी, साळिंदरासाठी मिळेल का. त्या वाटेला जाऊ नका. डुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फाशात बिबटे अडकून मरतात. डुकरांनी नुकसान केलं तर पंचनामा करून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा.

एवढ्या उणिवा असूनही मी पिंजऱ्याच्या बाजूने का, तर विषामुळे. आमच्याकडे वर्षानुवर्षं बिळांत फोरेट या कीटकनाशकाचे दाणे टाकायची पद्धत होती. त्यावर 2020 च्या अखेरीपासून देशभर बंदी आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस शिजवलेल्या भातात अ‍ॅसिफेट हे दुसरं कीटकनाशक मिसळून गोळ्या करायची आणि त्या बिळाच्या तोंडाशी ठेवायची. ज्याच्या दहा एकरात मुठे आहेत त्याला मी नावं ठेवणार नाही. पण माझ्या खाचरात बदकं उतरतात, बगळे येतात, आणि वाडीतल्या कातकरी बायका ओढ्यावर मुठे धरायला येतात, ते शिजवून पोरांना घालतात. मी गोळी ठेवली तर ती कुणाच्या ताटात जाईल, याचा मला घोर लागतो. पिंजऱ्यातला मुठा निदान खाता येतो. खाण्याआधी वरच्या शेतवाल्याला विचारून घ्या, त्याने काही टाकलं असेल तर तुमच्याकडचेही मुठे खाऊ नका.

चौसष्टांतले निम्मे आम्ही खाल्ले, आषाढ होता म्हणून. सासूबाईंची रीत अशी: मुठे तीन-चार पाण्यांनी खसखसून धुवायचे, पाय आणि नांग्या मोडून वेगळ्या करायच्या, पाठीचं कवच काढून आतली पिसांसारखी झालर टाकून द्यायची. पिवळा भाग ठेवायचा, सगळी चव तिथे असते. बारीक पाय पाट्यावर ठेचून, पाणी घालून दोनदा गाळायचे. त्या पाण्याशिवाय कालवणाला अर्थ नाही, मिक्सरचं चालतं पण कवचाची कच येते, म्हणून कापडातून गाळा. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण-आलं यांचं वाटप, घरचा मसाला, दोन आमसुलं. नांग्यांना वरवंट्याचा एक हलका टोला द्यायचा म्हणजे रस आत शिरतो. उकळी आल्यावर निदान वीस मिनिटं शिजवा. ओढ्याच्या खेकड्यात फुप्फुसाचे कृमी असू शकतात, अर्धकच्चा खेकडा पोटात गेला तर ते माणसाच्या छातीत जातात. चुलीवर निखाऱ्यात दोन मिनिटं धरून पोरांना द्यायची सवय आमच्याकडे होती, ती मी बंद केली. सोबत तांदळाची भाकरी.

पोटाच्या झडपेखाली पिल्लं धरलेल्या माद्या मी खात नाही. गोड्या पाण्याच्या मुठ्याची पिल्लं आईच्या पोटाखालीच मोठी होतात. त्या बादलीतून वर डोंगराकडे ओढ्यात नेऊन सोडते. सासूबाईंना हे पटत नाही. त्या म्हणतात, पुढच्या पावसात त्याच परत येणार. येतील कदाचित. श्रावणात सापडलेले सगळे वाडीत देते, बदल्यात मला शेवळं आणि करटुली मिळतात.

यंदा तारेने विणलेला पिंजरा अजून उभा आहे, दुसऱ्याचा सांगाडा वाकला. दोन नवीन घेणार आहे, पण ऑनलाइन नाही. माणगावच्या बाजारात जाळी हाताने ताणून बघून, दोरा जाड असेल तरच.